बारावीनंतर गणित आणि संस्कृत, दोन्ही: कोकणात राहून जमेल का?

सुरंगी
नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. लेक यंदा बारावी सायन्स झाली, मार्क चांगले आहेत. गणित तिचा जीव की प्राण. संस्कृत दहावीपर्यंत शाळेत होतं, नंतर कॉलेजात सुटलं तरी ती घरी वाचत राहिली. आता म्हणते, मला ही दोन्ही शिकायची आहेत, एकासाठी दुसरं सोडणार नाही.

घरात तीन मतं आहेत. दीर म्हणतात, सीईटीला बरे मार्क आहेत तर इंजिनिअरिंगला घाला. सासूबाईंचं म्हणणं, शिकू दे हवं ते, पण मुंबई-पुण्याला एकटी नको. यजमान गप्प आहेत, त्यांचा बागेचा हिशोब चाललाय.

मला विचारायचंय ते असं: सायन्सच्या मुलीला पदवीला गणिताबरोबर संस्कृत घेता येतं का? आपल्या दोन जिल्ह्यांत कुठे शिकवतात? आणि पुढे ती पोटापाण्याला काय करेल? आमच्या घरात पदवीपर्यंत जाणारी ती पहिलीच मुलगी आहे, त्यामुळे अंदाज देणारं जवळ कोणी नाही.

पागोळी
घाला हो मनासारखं. मुलगी स्वतःहून गणित मागतेय, असं किती घरांत घडतं?

फळा_खडू
ताई, मी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते, म्हणून नियमाचं आधी सांगते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीला एक मुख्य विषय असतो (मेजर) आणि एक दुय्यम (मायनर). मायनर दुसऱ्या शाखेतला घ्यायला हरकत नाही. म्हणजे बी. एस्सी. गणित मेजर आणि संस्कृत मायनर, हे कागदावर बसतं. शिवाय ‘ओपन इलेक्टिव्ह’ नावाचे पेपर असतात, ते तर आपल्या शाखेबाहेरचेच घ्यावे लागतात. भारतीय ज्ञानप्रणालीचा एक छोटा पेपरही आहे. तीन वर्षांत पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. एका वर्षात साधारण ४० ते ४४ क्रेडिट, आणि थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्गात.

आता कागदाबाहेरचं. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत दहा मायनर छापलेले असतात, वर्ग त्यातल्या दोन-तीनच विषयांचे भरतात. पुरेशी मुलं आली नाहीत तर विषय सुरूच होत नाही. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते, मग तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं आणि दिवाळीनंतर दुसरीकडे नोकरी लागली की जातं. तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी हा विषय प्रत्यक्ष चालला का? किती मुलं होती? शिकवणारे कायम आहेत का? उत्तर ऑफिसात घेऊ नका, विभागात जाऊन घ्या.

नाना_सावंतवाडी
ह्येंचा बरोबर आसा. माझ्या नातवान एक विषय घेतलो, सहा म्हयने वर्गात कोण मास्तरच नाय. शेवटाक विषय बदलूचो लागलो. सुरंगीताई, चेडवाक जा व्हया ता शिकांदेत. पण आधी बघून घेवा, मास्तर आसत काय?

कातळसडा
रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर महाविद्यालय बघा. १९४५ पासूनचं कॉलेज, गणितही आहे आणि संस्कृतचा विभागही. रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठाचं उपकेंद्रही आता रत्नागिरीत आहे, भारतरत्न पां. वा. काणे यांच्या नावाचं. दोन्ही एकाच शहरात असणं ही मोठी सोय आहे.

आणि जाता जाता: कोकणात राहून शिकणं म्हणजे कमी प्रतीचं शिकणं, ही समजूत सोडायला हवी. मी राजापूरकडचा, इतिहास घेऊन बी. ए. केलं. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी इथली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. पुण्यातली पोरं ती बघायला गाडी करून येतात. आम्ही लहानपणी त्या सड्यावर गुरं चारली. आज तिथे रेषा मोजायला, नकाशे करायला, गावातल्या म्हाताऱ्यांकडून जागांची नावं टिपून घ्यायला माणसं हवी आहेत. त्यात इतिहास लागतो, भूमिती लागते आणि गावची बोली तर लागतेच.

परतीची_गाडी
सगळं खरं, पण मी थोडं विरुद्ध बोलणार आहे. मी चिपळूणची, आज पुण्यात विमा कंपनीत संख्याशास्त्राचं काम करते. बी. एस्सी. गावाकडे केलं. शिक्षक मनापासून शिकवायचे, पण गणिताची आवड असलेले वर्गात आम्ही दोघंच. गणित हे आजूबाजूच्या मुलांशी वाद घालून वाढतं. एम. एस्सी.ला बाहेर आले तेव्हा कळलं की इतरांनी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षालाच जे प्रश्न पाडून घेतले होते ते मला कोणी विचारलेच नव्हते. मुलगी खरंच एवढी हुशार असेल तर मुंबई किंवा पुण्याचा विचार पहिल्या दिवसापासून करा. वसतिगृह मिळतं, मुली राहतात, आम्ही राहिलोच की.

मुरुडकरीण
परतीची_गाडी, तुमचा अनुभव मानते. पण दापोली तालुक्याच्या वतीने मला बोलायलाच हवं! महर्षी कर्वे आमच्या मुरूडचे. महिला विद्यापीठाचे संस्थापक म्हणून सगळे ओळखतात, पण फर्ग्युसनमध्ये ते गणित शिकवायचे. शेजारच्या मुर्डीचे र. पुं. परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले) झाले, पहिले भारतीय. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणारे शं. बा. दीक्षितही मुरूडचेच, आणि त्यांना संस्कृत ग्रंथ आणि आकडेमोड दोन्ही सारखीच येत होती. एवढ्याशा किनाऱ्यावर इतकी गणिती माणसं. तुमच्या लेकीची जोडी काही जगावेगळी नाही, ताई.

कातळसडा
यादीत भर. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे सुरंगीताईंच्याच तालुक्यातले. १८३२ चं ‘दर्पण’ सगळ्यांना माहीत, पण एल्फिन्स्टनमध्ये ते गणित आणि खगोल शिकवत. लोकमान्य रत्नागिरीत जन्मले, १८७७ साली बी. ए. झाले ते गणित घेऊन, आणि पुढे वेदांच्या काळावर लिहिलं. रा. गो. भांडारकर मालवणचे. आणि या सगळ्यांच्या आधी गणेश दैवज्ञ, रायगडातल्या मुरूडजवळच्या नांदगावचे. १५२० च्या सुमारास त्यांनी ‘ग्रहलाघव’ रचलं. ग्रहांचं गणित ज्या-कोटिज्यांशिवाय (साइन-कोसाइनशिवाय) करता येईल असं सोपं केलं, आणि पंचांगकर्ते पुढे शतकानुशतकं त्यावर चालले. संस्कृत श्लोकांत मांडलेलं गणित, तेही समुद्रकाठी बसून.

परतीची_गाडी
अभिमान मलाही आहे. पण ही सगळी माणसं शिकायला कुठे गेली ते बघा: मुंबई, पुणे, केंब्रिज. कर्वे, परांजपे, टिळक, भांडारकर, एकही पदवीसाठी इथे थांबला नाही, कारण इथे कॉलेजच नव्हतं. आज आहे. म्हणून मला यादीपेक्षा फळा_खडूंचे तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात. आज वर्गात कोण उभं राहणार?

मुरुडकरीण
हे मात्र पटलं.

दर्यावर्दी
तुमचं मोठ्या माणसांचं चाललंय, मी आमच्या होडीतलं गणित सांगतो. पूर्ण भरती किती वाजता येईल हे काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. आज पंचमी, तर पाच गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की परत एकपासून मोजायचं. आजोबा शाळेत गेलेले नव्हते, पण हे तोंडावर. मी बारावीला असताना सरांना विचारलं की हे बरोबर का येतं, तर सर म्हणाले सिलॅबसमध्ये नाही.

फळा_खडू
दर्यावर्दी, हा प्रश्न वर्गात घ्यायलाच हवा होता. मी घेते! चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. तुमचा नियम दर तिथीला ४५ मिनिटं धरतो. पंधरा तिथींत सव्वाअकरा तास होतात, आणि पक्ष बदलला की मोजणी नव्याने सुरू होते, त्यामुळे साठत आलेली चूक तिथेच पुसली जाते. दोन भरत्यांमधलं अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटं. चंद्राची एक लाट, सूर्याची एक, अशा अनेक लाटांची बेरीज करून बंदरांची भरतीची कोष्टकं बनतात. बी. एस्सी.च्या मुलांना फूरिए श्रेणी (अशाच लाटांच्या बेरजेचं गणित) शिकवताना मी आता हेच उदाहरण देणार. आजोबांच्या नियमासकट.

वृत्तछंदी
मी निवृत्त मराठी शिक्षक. लेकीला दोन विषय ‘जोडायचे’ आहेत असं सगळे म्हणताहेत, पण ते आधीपासून जोडलेलेच आहेत, हे तिला एका उदाहरणातून दाखवावंसं वाटतं.

मनाचे श्लोक आपल्याकडे घरोघरी म्हणतात. वृत्त भुजंगप्रयात, चार य-गण (लघू-गुरू-गुरू), ओळीत बारा अक्षरं. गण एकूण आठच का? कारण तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू, दोन गुणिले दोन गुणिले दोन. पिंगलाने छंदशास्त्रात हीच मोजदाद केली. आता मात्रावृत्त घ्या. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू आणि चारही लघू. पाच प्रकार. पाच मात्रांचे आठ. हेमचंद्राने बाराव्या शतकात ही संख्यांची माळ सांगितली, युरोपात ती फिबोनाचीच्या नावाने गाजली. लेकीला विचारा, सहा मात्रांचे किती, आणि का? यादी न करता सांगायचं.

पागोळी
मला पण सोडवायचंय. थांबा, उत्तर लगेच टाकू नका कोणी.

दाभोळखाडी
धागा वाचतेय. संस्कृतइतकीच फारसीचीही इथे गरज आहे, हे सांगायला आले. दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर होतं. चौलपासून खाली आपल्या किनाऱ्याचा मधला इतिहास बराचसा फारसी कागदांत आणि पोर्तुगीज दप्तरांत आहे. मी उर्दू घेऊन बी. ए. केलं, घरात कोकणी मुसलमानांची बोली, बाहेर मराठी. एम. ए.ला फारसी शिकायची ठरवली तर जवळपास शिकवणारं कोणी नाही. भाषांचे विभाग एकेक करून मिटताहेत, ते कोणाला दिसत नाही, कारण रस्ता खचला तर आंदोलन होतं, विषय बंद झाला तर होत नाही.

नाना_सावंतवाडी
आमच्याकडची पोरां त्यासाठी गोव्याक जातत. ताळगावच्या पठारार गोवा विद्यापीठ, थय मराठी आसा, कोकणी आसा, पोर्तुगीज पण आसा. सावंतवाडीसून जवळ.

कातळसडा
आणि मोडी! २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. कोकणात खोतीच्या काळचे कागद घरोघरी पेट्यांत पडून आहेत, जमिनीचे दावे त्यावर अडलेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. सुरंगीताई, लेकीला पहिल्या सुट्टीत मोडी शिकवा. देवनागरी आणि संस्कृत येणाऱ्याला फार जड जात नाही, आणि हाताला काम मिळतं.

सुरंगी
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. दिरांना हा धागा वाचायला दिला. ते म्हणाले, सगळं छान, पण पगाराचं कोणीच बोलत नाही.

परतीची_गाडी
दिरांचा प्रश्न रास्त आहे, मी बोलते. गणितवाल्यांना नुसती पदवी पुरत नाही, पदव्युत्तर करायची तयारी हवी. एम. एस्सी.साठी आयआयटींची ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा, प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट या पात्रता परीक्षा. विम्याकडे जायचं तर ॲक्चुअरीच्या (विम्याची जोखीम गणिताने मोजणाऱ्यांच्या) परीक्षा, त्या नोकरी करतानाही देता येतात. संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग जमलं तर कंपन्यांत काम आहे. शाळेत शिकवायचं तर बी. एड., टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, आणि तिथे वाट बघावी लागते हे आधीच माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट आवर्जून: एमटीटीएस नावाचं गणिताचं उन्हाळी शिबिर आहे, १९९३ पासून चालू. पदवीच्या मुलांना तिथे पाठांतर न करता गणित करायला लावतात. मी म्हटलं ना की बरोबरीची मुलं भेटत नाहीत, ती तिथे भेटतात. इथे राहून शिकायचं ठरलं तर तिने त्याचा अर्ज भरावाच.

फळा_खडू
संस्कृतबद्दल मी सांगते. फक्त संस्कृतवर नोकऱ्या थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण भाषेचं व्याकरण मुळापासून शिकलेली आणि गणित येणारी व्यक्ती भाषेच्या संगणकीय कामात फार उपयोगी पडते. शब्द कसा सुटा होतो, संधी कुठे फुटते, हे नियमांत मांडणं म्हणजे दोन्ही विषयांचंच काम. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी विद्यापीठ निघालं. त्यातून जागा किती निघतील ते सरकारने भरती केली तर कळेल, म्हणून मी त्यावर घर बांधायला सांगणार नाही.

संस्कृत मायनर चालत नसेल तर अजून एक वाट आहे. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे. गणित नियमित कॉलेजात, संस्कृत मुक्त किंवा दूरशिक्षणातून. फक्त तुमच्या विद्यापीठाने आणि कॉलेजने ते मान्य केलंय का, हे लेखी विचारा. आणि मुलींच्या फीमाफीचा २०२४ चा जो निर्णय गाजला तो व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, बी. एस्सी.साठी तो गृहीत धरू नका. शिष्यवृत्तीचं खातं आधीच आधारशी जोडून ठेवा.

दर्यावर्दी
दिरांना सांगा, इंजिनिअरिंग करून परत बागेत आलेली पण आहेत गावात. कुठलंही शिक्षण नोकरीचा कागद लिहून देत नाही.

मुरुडकरीण
दहाणूत जन्मलेल्या कापरेकरांना विसरलो आपण! ते आयुष्यभर देवळालीला शाळेत शिकवत होते, आणि ६१७४ ही संख्या त्यांच्या नावाने जगभर ओळखतात. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, परत तेच करा. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आलं ६१७४. कॉलेजात असताना त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. किनारा परत एकदा जोडला गेला बघा.

पागोळी
आमच्या घरात सगळे आता वजाबाक्या करत बसलेत. भात उतू गेला.

सुरंगी
आम्ही दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजात जाऊन आलो, लेक आणि मी. फळा_खडूंचे तिन्ही प्रश्न विचारले. एका ठिकाणी ऑफिसातून ‘सगळं आहे’ म्हणाले, विभागात गेल्यावर कळलं की संस्कृत दोन वर्षं भरलंच नाही. दुसरीकडे विभागातल्या मॅडम स्वतः उठून आल्या, लेकीला फळ्यापाशी नेलं आणि अर्धा तास बोलत बसल्या. गणिताचे दोन शिक्षक कायम आहेत, तिसरे तासिकेवर. संस्कृत मायनरला पुरेशी मुलं आली तरच वर्ग, नाहीतर ओपन इलेक्टिव्हमधून. लेकीने तिथेच ठरवलं. सासूबाईंना वसतिगृह दाखवून आणायचं कबूल केलंय. यजमान पहिल्यांदा बोलले, म्हणाले, फीची तारीख सांगा.

आता लेकच लिहितेय, वृत्तछंदी काकांसाठी.

काका, सहा मात्रांचे तेरा. ओळीचं शेवटचं अक्षर लघू असेल तर त्याच्या आधी पाच मात्रा उरतात, त्या आठ प्रकारे भरतात. शेवटचं गुरू असेल तर आधी चार मात्रा, त्या पाच प्रकारे. आठ आणि पाच तेरा. म्हणजे प्रत्येक वेळी मागच्या दोन संख्यांची बेरीज होणार, कितीही मात्रा घेतल्या तरी. हे बरोबर आहे का? आणि काकू, मोडीचा वर्ग सुट्टीत कुठे असतो?

वृत्तछंदी
शंभर टक्के बरोबर, आणि मांडणी अगदी नेटकी. पुढचा प्रश्न: सहा अक्षरांची ओळ, त्यात नेमके दोन गुरू, किती प्रकार? उत्तर काढून झालं की मेरुप्रस्तार (पास्कलचा त्रिकोण म्हणतात तोच) शोधून वाच, तुला तुझीच संख्या तिथे बसलेली दिसेल.

कातळसडा
काकू नाही गं, दादा. मोडीच्या वर्गाची जाहिरात पुराभिलेखवाले काढतात, निघाली की इथेच टाकतो.

फळा_खडू
सुरंगीताई, संस्कृत मायनर भरायला मुलं कमी पडत असतील तर प्रवेशाच्या दिवशी रांगेतल्या मुलींना विचारा. आमच्याकडे एका वर्षी असाच वर्ग भरला, दोघीतिघींनी आपापल्या मैत्रिणी आणल्या म्हणून. आणि फॉर्म भरताना मायनरचा पहिला पसंतीक्रम रिकामा सोडू नका, नाहीतर कॉलेज स्वतः विषय टाकतं.

नाना_सावंतवाडी
पावती जपून ठेवा गो. झेरॉक्स पण काढून ठेवा.